पुढच्या जागेचे पट्टे

॥ श्री ॥

बारामती,
ता. १६ जून १९५७

चि. कुंडलिक यास अक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आज गवार मोडत बसले होते आणि एकाएकी अप्पांची भाजीची गाडी आठवली. दर शनिवारी ती पुण्याच्या कॉन्व्हेंटच्या मागच्या दारी लागायची. सिस्टर तागडी घेऊन बाहेर येईपर्यंत आपण मुळ्याच्या जुड्यांवर बसून राहायचो. तू पुढं कासरा धरायचास आणि मी मागून हुकूम सोडायची, आता डावीकडं घे, आता नदीत घाल. बैल केव्हाच सोडलेले असायचे, तरी तुला घाम फुटायचा. पुढं त्याच दारातून सिस्टरांनी मला शाळेत घेतलं आणि तू रडत घरी गेलास. आठवलं म्हणून लिहिलं, त्यात विशेष काही नाही.

पत्राचं खरं कारण तुझ्या भाच्याचं विमान. जोतीरामनं कॉलेजात असताना मुंबईहून मागवलेली लाकडी पट्ट्यांची पेटी तुला आठवत असेल. सांगाडा आणि वरखालचे चारही पंख त्यानं केले आणि मग तो हवाई दलात खऱ्या विमानाकडं गेला. पेटी माळ्यावर पडली. हे गेल्यावर घर फार मोठं वाटायला लागलं, तेव्हा मी ती खाली काढली. वर्षभरात कागद मढवला, रोगण दिलं, तारा ओढल्या. पंखांची लांबी माझ्या पसरलेल्या हातांएवढी आहे. काटेवाडीची जमीन बघणारा भीमा भाजी घेऊन येतो तो दाराशीच थबकतो. म्हणतो, आक्का, ह्याला येसण घाला, वारं सुटलं तर हातचं जाईल.

आता राहिली आहे बसायची जागा. एकीमागं एक अशा दोन खोबणी आहेत आणि आत नुसती पोकळी. पेटीवाल्यांनी आतलं काहीच दिलेलं नाही. सोबतच्या इंग्रजी पुस्तिकेत लिहिलंय की आतला तपशील ज्यानं त्यानं हौसेप्रमाणे करावा. मागच्या पानांवर खरं विमान कसं चालवतात तेही आहे, पण ते अक्षर मुंगीएवढं, अजून वाचवलं नाही. माझा उजवा डोळा दुधात बुडवल्यासारखा झालाय. पुण्याचे डॉक्टर गणपती उठले की मोतीबिंदू काढू म्हणतात. काढल्यावर दिसेलच असं ते छातीठोक सांगत नाहीत. त्याआधी जोती शेवटी जिथं बसला होता ती जागा मला हुबेहूब करून माझ्या डोळ्यांनी बघायची आहे. आणखी काही मागणं नाही.

हैदराबादेला त्याच्या छावणीत जाऊन त्या विमानात बसून आलेला आपल्यात तू एकटा. त्या आषाढात साहेबलोकांचं पत्र आलं तेव्हा मी विषमज्वरात होते. तूच ते उंबऱ्यावर वाचलंस आणि तसलं पत्र घरात ठेवू नये म्हणून फाडून कालव्यात सोडलंस. म्हणून मला ठाऊक आहे ते तुझ्या तोंडचंच. पुढं शिकवणारे साहेब, मागं जोती, आणि साहेबांचा आवाज नळीतून शेवटपर्यंत त्याच्या कानात. ती नळी मी सगळ्यात आधी केली. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आहे. विमान वळवायच्या दांडीच्या टोकाला काळा मणी बसवलाय, कुठला ते विचारू नकोस. साहेबांच्या गादीला आणि पट्ट्यांना हात लावलेला नाही. ते कसे असतात ते सविस्तर कळव.

द्वारकाच्या गुडघ्यांना बरं आहे का? घरात बोलायला धोंडाबाई, तीही भांडी होईपर्यंतच. तेव्हा पत्र लांब लिही, कागदाची काटकसर कचेरीत कर.

तुझी
प्रयागअक्का

॥ श्री ॥

इंदापूर,
ता. २५ जून १९५७

ती. गं. भा. अक्काच्या पायांशी कुंडलिकचा माथा. वि. वि.

तुझा अर्ज दाखल झाला. कचेरीत इतक्या जुन्या प्रकरणाला कुणी हात लावत नाही, पण अर्जदार अक्का असल्यामुळं इलाज नाही.

जोतीनं मला पुढच्याच जागेत बसवलं होतं. आत शिरायला बाजूची फळी खाली पडते, कोंबड्यांच्या खुराड्याला असते तेवढीच. माझं पोट आणि दांडी यांत बोटभरही अंतर उरलं नाही. जोती मागून म्हणाला, मामा, बेतानं श्वास घ्या, तुमच्या प्रत्येक श्वासाला शेपटी हलतीय. छावणीतली सगळी पोरं हसली. लाडवाचा डबा मी मांडीवर घेतला होता, तो उतरेपर्यंत अर्धा झाला.

तपशील असा. समोर फळीवर घड्याळांसारख्या काळ्या तबकड्या. एक वेगाची, एक उंचीची, एक तेलाची, बाकीच्या मला समजल्या नाहीत. खाली गुडघ्यांच्या मध्ये दिशा दाखवणारी पितळी वाटी. डाव्या हाताला इंजिन कमीजास्त करायची मूठ. इंजिन चालूबंद करायची बटणं मात्र आत नाहीत, बाहेरच्या अंगाला, दाराच्या कडीसारखी. गाद्या हिरवट, आपल्या कचेरीतल्या टेबलाच्या कापडासारख्या. चार पट्टे, दोन खांद्यांवरून, दोन कमरेकडून, आणि मध्ये एका खिळीत अडकवलेले.

पट्ट्यांबद्दल एक सांगतो, तुला बरं वाटेल. साहेबांनी पत्रात मुद्दाम लिहिलं होतं की जोतीचं काम चोख असायचं, निघण्याआधी करायचं ते सगळं त्यानं नेमानं केलं होतं, पुढचे पट्टे गादीवर घट्ट बांधलेले तसेच सापडले. तेव्हा तूही ते लोंबते ठेवू नकोस, गादीवरून ओढून बांध.

द्वारकाचे गुडघे बाजाराच्या दिवशी बरे असतात, इतर दिवशी दुखतात. मी पुढच्या मार्चात निवृत्त होईन. मग ये आमच्याकडं राहायला. एकटीनं तिथं किती दिवस काढशील?

तुझ्या मायेत वाटेकरी नको असलेला,
कुंडलिक

॥ श्री ॥

बारामती,
ता. ११ जुलै १९५७

चि. कुंडलिक यास आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तबकड्यांसाठी ह्यांच्या कोटाची बटणं घेतली. त्यांवर कागदाचे आकडे चिकटवून वर अभ्रकाचे तुकडे बसवले. पट्टे जुन्या मनगटी घड्याळाच्या चामड्याचे उभे चिरून केले, बकला केसांच्या आकड्यांच्या तारेच्या. चार दिवस लागले. गादीला धोंडाबाईनं आपल्या खणाची चिंधी दिली आणि वर विचारलं, बाई, हितं कुणी बसनार न्हाय, मग गादी मऊ कशापायी?

नंतर पुढचे पट्टे तू सांगितलेस तसे बांधायला घेतले आणि हात थांबला. माणूस बसलेला असेल तर पट्टे त्याच्या अंगावर येतील. गादीवर कसे बांधता येतील?

दोन दिवस भिंग लावून ती मागची पानं वाचून काढली. तिथं स्पष्ट लिहिलं आहे. विमान एकट्यानं न्यायचं असेल तेव्हा चालवणाऱ्यानं मागं बसावं आणि पुढच्या रिकाम्या जागेचे पट्टे गादीवर घट्ट बांधून घ्यावेत, नाहीतर ते सुटून दांडीत अडकतात.

कुंडलिक, मी भाद्रपदात जोतीच्या तिथीला दोन पानं वाढते हे तुला माहीत आहे. तूच शेजारी बसून जेवतोस. एक जोतीचं आणि एक त्याच्याबरोबर गेलेल्या साहेबांचं, कारण त्यांचं करणारं इथं कुणी नाही. त्यांच्या पानावरच्या कढीत मी मिरची घालत नाही. अशी चौदा वर्षं झाली. रोज दिवा लावताना शाळेत शिकवलेली प्रार्थनाही त्या माणसासाठी म्हणते, माझ्या मुलाशी शेवटपर्यंत बोलत राहिला म्हणून.

पुढं कुणी होतं की नव्हतं? दुसरं काही लिहू नकोस, एवढंच लिही.

अक्का

इंदापूर,
ता. २९ जुलै १९५७

वन्संबाईंच्या पायावर द्वारकाचं डोकं.

ह्यो कागद शेजारच्या मास्तरणीकडनं लिवून घेतीया. मी बोलती आन ती लिवती. मधी सुधारू नगंस म्हणून तिला दम दिलाय.

तुमचं पत्र आलं तवापास्नं ह्यांचं चित थाऱ्यावर न्हाय. रोज कागद काढत्यात, शाईत टाक बुडवत्यात, आन उठून परसात जात्यात. इचारलं तर म्हणत्यात, कचेरीचं हाय. कचेरीचं असतं तर माणूस डोळं पुसतं व्हय? परवा मी म्हणलं, खरं काय ते लिवा, न्हायतर मी एस्टीत बसून बारामतीला जाती आन मला ठावं न्हाय ते बी सांगून येती. तवा आज बसल्यात लिवायला. तुमी राग धरा, पर तुटक हू नका. तुमच्याबिगर त्यास्नी हाय कोण? लिंबाचं लोणचं भीमाच्या हाती धाडलंय.

तुमची द्वारका

॥ श्री ॥

इंदापूर,
ता. २९ जुलै १९५७

ती. अक्का,

पुढं कुणी नव्हतं.

ते पत्रच त्या शिकवणाऱ्या साहेबांचं होतं. हॉबडे नावाचे. सही मोठी होती म्हणून नाव लक्षात राहिलं. त्यांनी लिहिलं होतं की त्या सकाळी दोन फेऱ्या बरोबर मारून ते खाली उतरले आणि जोतीला म्हणाले, आता तू एकटा जा. त्या तुकडीत एकट्यानं जायची परवानगी मिळालेला तो पहिला. त्यानं पुढचे पट्टे बांधले, हात केला आणि गेला. पहिली फेरी उत्तम झाली. दुसऱ्या फेरीत वळताना विमान खाली आलं. का ते त्यांनाही कळलं नाही.

तू तापात होतीस. तुला अजून काहीच सांगितलं नव्हतं, तरी तू तीन दिवस एकच बडबडत होतीस, पोरगं एकटं आहे, कुणीतरी जा त्याच्याजवळ. मी पत्र वाचून आत आलो तेव्हाही तेच. मग मी साहेबांना त्याच्याजवळ पाठवलं. माझ्याकडं दुसरं कुणी नव्हतं. नळी तेवढी खरी, ती मी हैदराबादेला कानाला लावून पाहिली होती.

पुढच्या भाद्रपदात तू दुसरं पान वाढलंस तेव्हा मला वाटलं, आता सांगावं. पण तू कढी वेगळी केली होतीस. मी जेवलो आणि घरी आलो. दरवर्षी तसंच. जिवंत माणसाचं पान आपण कावळ्याला घालतोय हे मला घास घेताना कळत होतं.

अजून एक आहे, तेही आजच लिहितो. शेवटी त्यांनी लिहिलं होतं की त्याच्या आईला माझा राग आला असेल तर तोही तिनं मला लिहावा, मी वाट पाहीन. खाली पत्ता होता. मी पत्र फाडलं त्यात तोही गेला. रिवाज म्हणून फाडलं असं मी म्हणत आलो. तू वाचशील म्हणून फाडलं.

तोंड दाखवायला ये म्हणालीस तर येईन.

कुंडलिक

॥ श्री ॥

बारामती,
ता. ५ सप्टेंबर १९५७

चि. कुंडलिक यास आशीर्वाद.

उत्तराला महिना लागला. पहिले काही दिवस तुझ्यावर इतकी रागावले होते की द्वारकाचं लोणचंही उघडलं नाही. धोंडाबाईनं विचारलं, मामासायबांनी काय बरंवाईट कळवलं का? मी म्हटलं, जोती एकटा होता. ती म्हणाली, आवं, म्हंजी येकट्याला न्येता येत हुतं त्याला? मला हे सुचलंच नव्हतं. माझ्या मनात तो चौदा वर्षं मागच्या जागेवर बसून कुणाचंतरी ऐकत होता. विमान तो स्वतः नेत होता, आणि एक पूर्ण फेरी त्यानं नीट आणली होती, हे मला आता कळलं.

म्हणून त्याला जवळ कुणी नव्हतं ही गोष्ट हलकी होत नाही. दुपारी घर शांत झालं की ती येऊन बसते. पूर्वी त्या साहेबांशी मनातल्या मनात बोलायची, आता तेही राहिलं नाही. पण तुला हे चौदा वर्षं एकट्याला पोटात ठेवावं लागलं, आणि मी तुला दरवर्षी त्याच पंगतीला बसवत होते. आता राग नाही.

विमान पुरं झालं. पुढच्या गादीवर पट्टे बांधले. नळी काढली नाही, खऱ्या विमानात ती असतेच. मागच्या जागेची फळी उघडी ठेवली आहे. परवा उन्हात नेऊन डाव्या डोळ्यानं सगळं एकदा नीट पाहून घेतलं.

सोमवारी भीमाबरोबर पुण्याला निघते. डॉक्टर भिऊ नका म्हणतात, मी भीत नाही. पण या वयात लिहून ठेवलेलं बरं. यंदा तिथीला मी दवाखान्यात असेन. तू आणि द्वारका इंदापुरातच पान वाढा, एकच. मायेत माझ्याकडून कमीजास्त झालं असेल तर ते तूच जुळवून घे.

तुझी
प्रयागअक्का

ता. क. माझं काही झालं, किंवा दिसेनासं झालं, तर असं करावं.

विमान तुझं. पंख सुटे होतात, ते आधी उतरव आणि गोधडीत गुंडाळून ने. एस्टीच्या टपावर ठेवायचं नाही. तुझ्या कचेरीतल्यांना दाखवायला हरकत नाही, पण आत कुणी बोट घालू नये.

भिंग धोंडाबाईला. तिला तांदळातले खडे दिसत नाहीत आणि ती ते कबूल करत नाही. काटेवाडीच्या विहिरीजवळची लिंबं भीमाची, माझ्यामागं त्याला कुणी हिस्सा मागू नये. माझी निळी शाल द्वारकाला गुडघ्यांसाठी.

सोबतचं बंद पाकीट मि. हॉबडे यांना. इंग्रजीत लिहिलं आहे, पुष्कळ वर्षांनी, चुका असतील. लिहिलंय की तुम्ही उतरलात ते बरोबर केलंत, माझा मुलगा पाच वर्षांचा असताना कालव्याच्या पुलावर माझं बोट सोडून पुढं पळायचा, तुम्ही उतरला नसतात तर त्यानं तुम्हाला उतरवलं असतं. तिथीच्या दोन पानांचं लिहिलं नाही, साहेब घाबरतील. पत्ता शोधायचं काम तुझं. आधी दिल्लीला हवाई दलाच्या कचेरीत अर्ज कर, तिथं नाही लागला तर विलायतेला. तुला अर्ज लिहायची सवय आहे. ते हयात नसतील तर त्यांच्या घरच्या माणसाला द्यावं. पाकीट परत आलं, तर दुसरा पत्ता काढून पुन्हा धाड.