एका पेशीत दोघं

प्रिय चिमणे,

माझ्या नव्या वाणाची खरी किंमत विचारशील, तर हिशेब असा: तुझ्या काकाचा अबोला, माझी दुपारची झोप आणि माझी मिशी. काका म्हणाला, चालतं दुकान सोडून ओल्या पेंढ्यात मश्रूमची बुरशी पिकवतोस? आणि मिशी गेली ती बियाण्याच्या खोलीतल्या तोंडपट्टीत मावेना म्हणून. पण धिंगरी अळिंबीच्या एका बीजाणूपासून, एकट्याने, कुणाच्या बापाची मदत न घेता मी स्वतःचं वाण काढलं. पेंढ्याच्या पिशव्या आतून दुधासारख्या पांढऱ्याशुभ्र! भेटेल त्याला सांगत सुटलो.

ते कानावर गेलं आणि बियाणंवाल्या बाई शेडवर आल्या. पूर्वी बियाण्याच्या बाटल्या त्यांच्याकडूनच घ्यायचो मी. त्यांनी माझ्या बुरशीचा धागा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि हसू दाबत म्हणाल्या, अहो शेठ, तुमच्या एकेका पेशीत एकच केंद्रक आहे, हे तर ब्रह्मचारी पीक! मी म्हटलं, ब्रह्मचाऱ्यांनीही जगात मोठी कामं केलीत. त्या म्हणाल्या, केलीत की, पण त्यांत बाळंतपण नाही.

मग त्यांनी दुसऱ्या बीजाणूचा धागा आणून माझ्या धाग्याशेजारी बशीत ठेवला. दोन्ही भिडले, आणि काही दिवसांत सांध्यासांध्यावर इवली कडी दिसू लागली. आता प्रत्येक पेशीत दोन केंद्रकं. गंमत म्हणजे ती एकमेकांत विरघळत नाहीत. शेजारी शेजारी नांदतात. एक होतात ती पार शेवटी, छत्रीखालच्या पडद्यांत, नवे बीजाणू घडवण्यापुरती. ते बघायला मी रोज त्यांच्याकडे जाऊ लागलो. धागा बघायला हं, सुरुवातीला तरी.

तू फोनवर म्हणालीस, या वयात शोभतं का, आईची जागा कुणाला देताय? चिमणे, ती जागा द्यायचीच नाहीये. बाईंनी आईच्या फोटोवरची धूळ पुसली आणि हा इथून हलवायचा नाही, म्हणून मलाच दटावलं. त्यांचं आडनाव त्यांचं, त्यांच्या खोलीची किल्ली त्यांच्याच कमरेला, माझी शेड माझी. काकाला म्हणावं, खुशाल धर अबोला. संध्याकाळी एकटा ताटावर बसतो तो मी, तो नव्हे.

येत्या शनिवारी आम्ही लग्नाची नोंदणी करतोय. हे पत्र परवानगीसाठी नाही. साक्षीदाराच्या सहीची एक जागा रिकामी ठेवलीय, ती तुझी. नाही आलीस तर टेम्पोवाला सही करेल, लग्न काही थांबायचं नाही. पण सही होईपर्यंत माझा डोळा दाराकडेच असेल, एवढं कळवायला लिहिलं.

तुझाच,
बिनमिशीचा बाप

ता. क. त्या एकट्याने काढलेल्या वाणाला एकही अळिंबी आली नाही.