वाकलेलं झाकण

प्रिय उग्ने,

तू क्लायपेदाला आईकडे जाऊन बसलीस, फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. इथे विल्नियसमध्ये नेरिस नदी गोठलीय, कँटीनच्या सूपात बीट शोधावं लागतं, आणि तुझी खुर्ची रिकामी बघून मला चक्क आनंद झाला. स्पष्टच सांगते, तुझं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं. या प्रयोगशाळेत आपण एकाच दिवशी आलो. मी त्या मूळ एन्झाइमशी संसार करत बसले, ज्याच्याशिवाय जिवाणू जगतच नाही. त्यात जरा बदल केला की जिवाणू खलास! तू मात्र त्याच एन्झाइमच्या जनुकाची, जिवाणूत असलेली जास्तीची प्रत उचललीस. घर सांभाळायला थोरली आहे म्हटल्यावर धाकटी उंडारायला मोकळी, तसं तिचं. तिच्या एन्झाइमच्या तोंडावरचं झाकण वाकलं, आतली खोबण रुंदावली, आणि जिवाणूला मारायचं औषधच ते फस्त करायला लागलं. बरं, त्याचा आकार बघायला स्फटिक कशाने वाढवलेस? माझ्या मांजरीची गळलेली मिशी जुन्या स्फटिकावर घासून नव्या थेंबात फिरवलीस! मिशी आमच्या घरची, शाबासकी तुला.

मग सरांनी तुला सेमिनारमध्ये झाडलं. "अगं बाई, स्फटिकात गर्दी असते. शेजारच्या रेणूने रेटलं म्हणून झाकण वाकलं, त्यात कसला आलाय नवा गुण!" सगळे हसले. मीही हसले. येत्या सोमवारी तुझा शोधनिबंध मागे घ्यायचं ठरलं, तू रडत निघून गेलीस, आणि मी सरांचं म्हणणं खरं करायला बसले. जनुकात बदल करून तुझ्या एन्झाइमचं झाकण सरळ केलं, पुन्हा वाकू नये म्हणून रासायनिक बंधाचे टाके घातले. सरळ झाकणानेही औषध पचलं की उग्नेबाईंचा बार फुसका! औषध घातलेल्या बशांवर वाकड्या आणि सरळ झाकणाचे, दोन्ही तऱ्हेचे जिवाणू पसरले. सकाळी बघते तर वाकड्या झाकणाचे मजेत वाढलेले, आणि सरळवाल्यांच्या बशीत एक ठिपका नाही. मेले सगळे! मी चिडून पुन्हा केलं. पुन्हा तेच.

काल सरांपुढे बशा ठेवल्या. उजेडात धरून बघितल्या आणि म्हणाले, "निबंध मागे घ्यायला नको. पण सोमवारी सगळ्यांना हे तूच सांग." सांगेन गं. पण ऐनवेळी जमेल की नाही कोण जाणे, म्हणून आधी तुझ्यापुढे तालीम करतेय: उग्ने, तू बरोबर होतीस. हुश्श! लिहिता तरी आलं. सोमवारी बोलताना मात्र तू समोर बस.

तुझीच, अजून जळणारी,
जिविले