डाव्या तळहातावर

प्रिय सुंदरा,

पाकीट बघून अक्षता हसली असेल. रोज फोनवर बोलणारा बाप आता पत्र पाठवायला लागला म्हणून. हसू दे तिला. फोनवर माझा आवाज तू लगेच ओळखतेस, तरीही मी गेले काही दिवस तुझ्याशी धडधडीत खोटं बोलतोय. तब्येत उत्तम आहे असं म्हणतो ना, ती तेवढी उत्तम नाही. थांब, लगेच बॅग भरू नकोस. आधी पुढचं वाच.

तू लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेलीस आणि त्याच आठवड्यात मला लघवीतून रक्त गेलं. दुखत काहीच नव्हतं. म्हटलं, उन्हाचं असेल. सोलापुरात सगळ्याचं खापर उन्हावर फोडायची सोय आहेच. ताक पीत बसलो. पुन्हा तसंच झालं तेव्हा शेजारच्या दुकानातल्या आपल्या गुरुशांतला सांगितलं, तर त्यानं मला दुकानातून, ज्वारीच्या पोत्यांमधून उठवून स्कूटरवर बसवलं आणि डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सोनोग्राफीत काहीतरी दिसलं. नीट कळायला सीटी स्कॅन करा म्हणाल्या. तू बाळाच्या बारशाच्या बोलण्यात इतकी रंगली होतीस की तुला सांगायचं राहूनच गेलं. म्हणजे, मी राहू दिलं.

उपाशीपोटी गेलो. मशीनला घाबरलो नाही. मोठं गोल कडं असतं, दोन्हीकडून मोकळं, कोंडल्यासारखं काही वाटत नाही. घाबरलो ते तिथल्या ताईंनी करदोडा काढायला लावून मग माझ्या गळ्याकडे बोट केलं तेव्हा. "आजोबा, ते पण काढावं लागतंय बघा. चांदी फोटोत मधे येती." चांदीच्या डबीतलं, गळ्यातलं इष्टलिंग, सुंदरा! दीक्षा झाल्यापासून अंगावेगळं केलं नाही ते. पूजेला डबीतून निघतं ते तळहातावर, आणि तिथून परत गळ्यात. त्या बिचारीनं मदत म्हणून विचारलं, पायाला बांधू का? मी उठून शर्टच घालायला लागलो. लिंग आणि पायाला! गुरुशांत दारातून ओरडला, "आरं लई ताणू नको की! तिला काय म्हाईत आपल्यातलं?"

ताई शांत होती. पूजा कशी करता, म्हणून विचारलं तिनं. मी डावा तळहात पुढे करून दाखवला. तर म्हणाली, "मग हातातच धरा की. फोटो पोटाचा हाय, हात डोक्याच्या वरच घ्यायचेत." चांदीची डबी गुरुशांतकडे दिली. उजव्या हाताला सुई, डाव्या तळहातावर वस्त्रात गुंडाळलेलं लिंग, असा मी आडवा झालो. औषध शिरेतून आत गेलं तशी घशातून गरम लाट उठली ती थेट खाली उतरली, आणि मला वाटलं, ह्या वयात चादर ओली केली! असं वाटतं, घाबरू नका, असं ताईंनी आधीच सांगितलं होतं, तरी हळूच चाचपून बघावंसं वाटलं. मग मशीनमधली बाई म्हणाली, श्वास घ्या, रोखून धरा. मी रोखला. हात थरथरत होता. लग्नानंतर तू पहिल्यांदा माझ्या शेजारी पूजेला बसलीस तेव्हा तुझा तळहात असाच थरथरला होता आणि मी हसलो होतो. रोज पूजेत माझं मन दुकानात असतं. त्या मशीनमध्ये मात्र ते तुझ्याकडे आलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर सगळं दाखवलं. माझ्याच पोटाचे आडवे काप, कलिंगड कापत जावं तसे, एकामागून एक. उजव्या मूत्रपिंडात सुपारीएवढी गाठ आहे. बहुतेक कॅन्सरचीच असेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण बाहेर कुठे पसरलेली दिसत नाही, तेवढा भाग काढून बाकीचं मूत्रपिंड वाचवता येईल म्हणाल्या. मी 'पसरलेली नाही' एवढंच धरून बसलोय, तूही तेच धर. मला भीती वाटते. आजवर तुला हे कधी म्हणालो नाही, म्हणून लिहून टाकलं.

येत्या मंगळवारी ऑपरेशन आहे. त्या वेळी मात्र हातात काही धरता येणार नाही, मी बेशुद्ध असणार. घरच्या कुणाकडे द्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गुरुशांत आनंदानं तयार झाला. मीच नको म्हणालो. लेकीला आणि एवढ्याशा बाळाला सोडून ये असं फोनवर म्हणायला जीभ रेटेना, म्हणून हा कागद. अक्षताच्या सासूबाई चार दिवस येतील का, विचार. सोमवारी संध्याकाळपर्यंत पोहोच. आपल्यात लिंग दुसऱ्याच्या हाती देत नाहीत, मला माहीत आहे. पण तू दुसरी कुठे आहेस?

तुझाच,
ईरप्पा