तिसऱ्या मजल्यावरचे बावटे

नवीन पनवेल,
संक्रांतीनंतरचा रविवार, १९९२

श्री. सत्यजीतराव यांस,

धाकट्या साडूचा सप्रेम नमस्कार विनंती विशेष. इकडे सर्व क्षेम आहे (हे मी वेगळं सांगायला नको, बाल्कनीत पिवळा बावटा फडकतो आहे, त्याचा अर्थ 'जहाजावर सगळे ठणठणीत, आत यायची परवानगी असावी'). तुमची कंबर आता कशी आहे? अनुयाताईंना नमस्कार सांगावा.

आपले सासरे तात्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी म्हणून गणपतीत आमच्याकडे आले, हे तुम्हाला ठाऊकच आहे. डोळा उत्तम झाला आणि तिथेच घात झाला. जन्मभर मालवाहू जहाजांवर बावटे चढवले-उतरवले त्या माणसाला समोरचा रस्ता स्वच्छ दिसू लागल्यावर आमची बाल्कनी म्हणजे डेकच वाटू लागली. पद्मजाचे जुने परकर आणि माझा पिवळा बुशशर्ट (तुम्हीच दिला होतात, म्हणून कळवतो) फाडून त्यांनी बावटे शिवले आणि कपडे वाळत घालायच्या दोरीवर चढवायला सुरुवात केली. कपडे आता बाथरूममध्ये वाळतात, म्हणजे वाळत नाहीत. मी यातलं अक्षरही शिकणार नाही, असं पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

गेल्या महिन्यात कुकरचं झाकण अडकलं. मी आत पेपर वाचत बसलो होतो, मला हाक मारायची की नाही? तात्यांनी पांढऱ्यावर लाल तिरकी फुली असलेला बावटा चढवला. समुद्रावर त्याचा अर्थ 'मदत हवी'. आमच्या सेक्टरात त्याचा अर्थ 'दवाखाना उघडला'. बघता बघता जिन्यात खोकणाऱ्यांची रांग! पद्मजा शरमेने अर्धी झाली. तात्यांनी मात्र एकेकाची जीभ बघून सुंठीचा काढा पाजला. वाईट याचं की काहींना गुण आला आणि ते आता नेमाने येतात. (झाकण शेवटी त्यांच्यातल्याच एकाने काढलं, हे तात्या मला रोज ऐकवतात.)

मी जुनी स्कूटर घेतल्याचं पद्मजाने लिहिलंच असेल. पहिल्याच दिवशी तात्यांनी मागे काठी बांधून पिवळा-निळा-पिवळा बावटा लावला. अर्थ : 'माझ्यापासून लांब राहा, मला वळायला त्रास होतो.' खरंच होतो, म्हणून गप्प बसलो. तसाच न्हावा शेव्याला ऑफिसला निघालो. कंटेनरवाले बाजूला होऊन वाट देत होते, त्यामुळे मी खूश. गव्हाण फाट्यावर एका मावशींनी पाटी खाली ठेवून मला थांबवलं. "सायेब, कंचे पार्टीचा बावटा हाय ह्यो? आमचे गावान तर कोनी आलाच नाय." नेमके आमचे साहेब मागून गाडीतून येत होते. नोकरीत असताना प्रचार का करता, याचा खुलासा मी अजून लिहितो आहे.

असो. बाकी विशेष नाही.

आपला,
कृष्णकांत

ता. क. : पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलंच. तुमच्या घराला गच्ची आहे, पुण्याची हवाही कोरडी. तात्यांना निदान पावसाळ्यापर्यंत तिकडे न्यावं. मी सुचवलं हे त्यांना कळू देऊ नये.

ता. क. २ : कळलं. पत्र पेटीत टाकण्याआधी पद्मजाला मोठ्याने वाचून दाखवायची माझी खोड. तात्या बाल्कनीत होते. आज सकाळी दोरीवर निळा बावटा, मध्ये पांढरा चौकोन. 'जहाज निघत आहे.' पद्मजाने डोळ्याला पदर लावला. तात्या हॉलमध्ये बांधलेल्या ट्रंकेवर बसलेले, दारात काढ्याचे पेशंट गोळा झालेले. सत्यजीतराव, खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. बनियनवरच, सगळ्या कॉलनीदेखत स्टुलावर चढलो आणि पांढऱ्यावर निळी उभी-आडवी फुली असलेला बावटा शोधून लावला. अर्थ : 'निघालात ते थांबा, आणि माझ्या इशाऱ्याकडे लक्ष द्या.' (शिकणार नाही म्हणता म्हणता कधी पाठ झाले, कळलं नाही.) तात्यांनी बावटा खालून वर न्याहाळला. मग म्हणाले, "जावईबापू, गाठ चुकली." उठले, ट्रंक उघडली आणि तिच्यातली चांगली दोरी काढून मला दिली.

तेव्हा वरची विनंती रद्द समजावी.

ता. क. ३ : तुम्ही उभयतां मात्र सवडीने यावं. पिवळा बावटा परत लावला आहे. जुने कपडे बोहारणीला देऊ नका, येताना घेऊन या. तात्या म्हणतात, लाल कापड कमी पडतंय. मलाही तसंच वाटतं.