अवघड स्थळ

मंगळवार, ४ मार्च

खेळाच्या पानावरच्या त्या लेखणीबहाद्दराने आज पुन्हा आमच्या धाकट्याची सालटी काढली! म्हणे, ‘बॉक्सिंगचा हेवीवेट विजेता मोजायचा तो त्याने कुणाला लोळवलं त्यावरून. याने लोळवलेल्यांत दोघे निवृत्तीला टेकलेले, एक नुसताच जाडा आणि एक तर झोपलेला होता.’

झोपलेला नव्हता. त्याला डोळे मिटून लढायची सवय होती, एवढंच.

राग याचा आला की शिव्या धाकट्याला आणि कर्तबगारी सगळी माझी! ती स्थळं मी आणलेली आहेत. भावासाठी मुली बघाव्यात तसे मी त्याच्यासाठी प्रतिस्पर्धी बघते — उंची चांगली, छाती भरदार, पोस्टरवर उठून दिसणारा आणि स्वभावाने गरीब. कुठल्या कुठल्या जिममध्ये कोपऱ्यात स्टुलावर बसायचं आणि फक्त पाय बघायचे. हात सगळ्यांचेच भारी दिसतात. चौथ्या फेरीत ज्याचे पाय जड होतात, तो आपला. ज्याचे होत नाहीत, त्याला माझा ठरलेला शेरा — नको, अवघड आहे.

इतक्या वर्षांत एकही स्थळ अंगाशी आलेलं नाही. आणि हा शहाणा मला झोपलेला माणूस दाखवतोय!

रविवार, ९ मार्च

जेवताना धाकटा एकदम म्हणाला, “ताई, गवंडी कसा आहे?”

गवंडी म्हणजे पूर्वी विटा रचायचा तो. आता माणसं पाडतो. धाकट्याकडच्या विजेतेपदाच्या बेल्टवर खरा हक्क त्याचाच, असं जो तो म्हणतोय.

“अवघड आहे,” मी म्हटलं.

“कुणासाठीही अवघड, की माझ्यासाठी?”

मी त्याच्या ताटात भात वाढला. उत्तर टाळायचं असलं की मी वाढते. म्हणून तर तो हेवीवेट झाला!

सोमवार, १० मार्च

झोप नीट नाही. बाबांनी कधी स्थळ बघितलं नाही. जो येईल त्याच्याशी लढले, दोन ठोसे घ्यायचे आणि एक द्यायचा. आता त्यांच्या शर्टाची बटणं आई लावते. चहाचा कप अर्धाच भरायचा, असा आमच्या घरचा नियम आहे. हात थरथरतात, सांडतो.

मला धाकट्याच्या शर्टाची बटणं लावायची नाहीत. बस्स. लेखणीबहाद्दराने खुशाल काय ते लिहावं.

बुधवार, १२ मार्च

सही करून आला! मला न विचारता!!

मला कळलं ते गवंड्याच्या मामाकडून. माझं जे काम तेच तो भाच्यासाठी करतो. जाडा, गोडबोल्या, महा पोचलेला. फोनवर म्हणे, “ताई, तुम्ही हो म्हणाल असं वाटलं नव्हतं हो!”

मी कुठे म्हटलंय?

घरात आकाशपाताळ एक केलं. धाकटा खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, “ताई, बेल्ट मी कपाटात ठेवतो. बाहेर ठेवायची लाज वाटते.”

“लाज वाटून कुणाचे हात थरथरत नाहीत!”

बोलून गेले. बाबा पलीकडच्याच खोलीत. तिथून आवाज आला, “हळू बोला, बातम्या ऐकू येत नाहीत.”

टीव्ही बंद होता.

गुरुवार, २० मार्च

अबोला चालू. आज दोनच शब्द झाले — “मीठ दे.” तेही आईला म्हणाला असावा.

बुधवार, २ एप्रिल

डोक्यावरून स्कार्फ ओढून गवंड्याच्या जिममध्ये गेले. मामाने दारातच ओळखलं. “या, या! चहा घ्या. बघून घ्या. मुलगा निर्व्यसनी आहे आमचा.” मेला!

स्टुलावर बसून पाय बघितले. चौथी फेरी, सहावी, आठवी. पाय जड होत नाहीत. चहा तसाच टाकून उठले.

घरी येऊन अबोला मीच मोडला. “त्याचे पाय जड होत नाहीत रे.”

“माहीत आहे. माझे होतात का?”

 माझ्या कृपेने त्याची एकही लढत पाचव्या फेरीत गेलेली नाही. पुढे त्याचे पाय काय करतात, मला तरी कुठे ठाऊक! जगातल्या सगळ्या पायांचा मी अभ्यास केला, घरचे तेवढे राहिले.

शनिवार, १९ एप्रिल

आज लढत. मी जाणार नाही.

दुपारी — मी मुळीच जाणार नाही.

चारला — इस्त्रीची साडी सापडत नाहीये.

रविवार, २० एप्रिल

हरला.

पहिल्याच फेरीत आडवा झाला. मी उभी राहून जे ओरडले ते इथे लिहिता येत नाही. पुढच्या रांगेतले गृहस्थ खुर्ची बदलून गेले. धाकटा उठला. मग मी डोळे खाली केले आणि पायच बघत राहिले. चौथी. पाचवी — हलके! सातवी — हलकेच! नवव्या फेरीत गवंड्यानेच दमून रिंगचा दोर धरला. मामाचा चेहरा पांढरा पडला होता. कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत होता, उलटी धरलेली.

बारा फेऱ्या झाल्या. निकाल एका पॉइंटने गवंड्याकडे. मी हुंदके देऊन रडले, आणि कशासाठी ते मला सांगता येणार नाही. हरला म्हणून नाही, एवढं नक्की.

घरी बाबा जागेच होते. “कितव्या फेरीत पडलास?”

“पहिल्या.”

“मग उरलेल्या अकरा?”

“उभा होतो.”

बाबा हसले. खूप हसले, अर्धा भरलेला कपही सांडला. कुणी पुसायला उठलं नाही.

सोमवार, २१ एप्रिल

लेखणीबहाद्दर — ‘गवंड्याचं मोठेपण मोजायचं तर त्याने कुणाला हरवलं ते बघा. ज्याने कधी कुणा धड माणसाला हरवलं नव्हतं त्याला! तेही बारा फेऱ्या झगडून!’

म्हणजे आता गवंडीही भुसा. या माणसासमोर हत्ती उभा केला तर म्हणेल, शेपूट बारीक आहे.

धाकट्याने एका उघड्या डोळ्याने वाचलं आणि इतका हसला की ओठाचा टाका उसवला. बेल्ट गेला, त्याच्या कपाटात आता आईने चादरी लावल्यात.

शुक्रवार, २ मे

मीच मामाला फोन केला. परत लढत घ्या म्हटलं, तारीख तुमची, जागा तुमची. भांडी घासत होते म्हणून फोन स्पीकरवर. धाकटा मागे बसून भात खात होता.

मामाने आधी डोळ्याची चौकशी केली. मग बाबांची. मग आईची. मग म्हणाला, “ताई, तुम्ही धंद्यातल्या, तुमच्यापासून काय लपवायचं? नको. अवघड आहे तो.”

मी नळ बंद केला. मागून धाकटा हळूच म्हणाला, “ताई, त्यांना परत एकदा म्हणायला सांग ना.”