पूर्ण स्टॉक झाल्याशिवाय इश्यू नाही

३ मार्च
मुलाचा परदेशातून फोन. चौदा एप्रिलला येतायत, तीन आठवडे. तो, सूनबाई आणि आमची नात मिरी, वय वर्षं सहा. तिला मराठी येत नाही, मला इंग्रजी बोलायची सवय नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मी मागच्या खुर्चीत बसून नुसता हात हलवतो. आता हे बास. यंदा नातीशी पोटभर गप्पा मारायच्याच.

४ मार्च, सकाळी ७
शेजारच्या मास्तरांना गाठलं. म्हणाले, व्याकरण सोडा. रोजच्या बोलण्यात ते लोक गेट, पुट, टेक, लुक अशा पाचपंचवीस क्रियापदांवर भागवतात. मागे अप, ऑफ, ऑन, आउट लावायचं. शेपूट बदललं की अर्थ बदलला. म्हणजे हा स्टोअर्सचाच प्रकार झाला की! मी चौतीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलं, एक वॉशर इकडचा तिकडे झाला नाही. हा तर माझ्या डाव्या हातचा मळ.

५ मार्च
पद्धत ठरली. प्रत्येक क्रियापदाला एक डबा, प्रत्येक जोडीला एक कार्ड. हिचे शिवणाचे डबे रिकामे केले. ही चिडली. नियम जुनाच : पूर्ण माल येऊन तपासून झाल्याशिवाय इश्यू नाही, एक नगही बाहेर द्यायचा नाही. अर्धवट इंग्रजी तोंडातून बाहेर काढायचं नाही.

९ मार्च, रविवार
कॉल. ही मिरीशी वीस मिनिटं बोलली. हिचं इंग्रजी म्हणजे कम, गो, ईट. बाकी सगळं धडधडीत मराठी. ऐकवत नाही. मी हात हलवला. कार्डं ३१.

१८ मार्च
गेट संपता संपत नाही. गेट अप, गेट ऑफ, गेट ओव्हर, गेट अवे, गेट अलाँग. झाकण लागेना. दुसरा डबा घेतला. पाठ काहीच नाही, पण आवक उत्तम. पाठांतर शेवटी एकदम करू.

२६ मार्च
नवीनच कटकट. काहींना एक शेपूट पुरत नाही. रन आउट ऑफ. लुक फॉरवर्ड टू. पुट अप विथ. हे ठेवायचं कुठे? पुटमध्ये, अपमध्ये की विथमध्ये? सकाळभर डोकं धरून बसलो. पुट अप विथ म्हणजे निमूट सोसणे, असं हिला सांगितलं. ही म्हणाली, शब्द माहीत नव्हता, काम अडतीस वर्षं चालू आहे. दुर्लक्ष केलं. सगळी कार्डं शेपटांप्रमाणे नव्याने लावायला घेतली.

११ एप्रिल
कार्डं ४१२. कंबरेचा काटा ढिला. ही म्हणते, पोरगी तुमच्या डब्यांना भेटायला येत नाहीये. हिला पद्धतशीर काम कधी कळलंच नाही.
नवा निर्णय : मिरीसमोर मराठी बंद. इंग्रजी शिकायच्या पुस्तकात म्हटलंय, दोन भाषांची सरमिसळ नको. इंग्रजी अजून तपासणीत आहे. म्हणजे तोवर मौन. आठवड्याभराचा तर प्रश्न.

१४ एप्रिल
आले. मिरी फोनवर दिसते त्यापेक्षा उंच आहे. धावत आली, माझ्यापुढे थांबली, काहीतरी विचारलं. उत्तर अपच्या डब्यात होतं, डबा आतल्या खोलीत. मी हात हलवला. तिनेही हलवला. सुरुवात झकास.

१९ एप्रिल
आमचं गूळपीठ जमलं! मिरी माझ्याशी हातांनीच बोलते. जेवायला बोलवायचं तर बोटं ओठांशी, झोपायचं का विचारायचं तर गालाखाली तळवा. रक्ताच्या नात्याला शब्द कशाला लागतात? मीठ हवं असलं की मी हिला चिठ्ठी देतो. मुलगा म्हणाला, बाबा, हे काय चालवलंय. त्याला काय कळतंय.
मिरी दिवसभर आजीच्या पदराला. आजी, इकडे ये, आजी, मला दे, असं बोलायला लागली आहे. हिने शिकवलं काहीच नाही, नुसती बडबड केली. योगायोग.

२५ एप्रिल
सूनबाईने आज संकोचत सांगितलं. पहिल्याच दिवशी मिरीने तिला विचारलं होतं, आजोबांचा आवाज कधी गेला? कॉलवर मी कधी बोललोच नाही, त्यामुळे तिला वाटलं, बोलताच येत नाही. तिच्या शाळेत अशी एक मुलगी आहे, तिच्याकडून ती हातवारे शिकलीय. आजोबांना बोलता येतं, हे सूनबाईने दहादा सांगितलं. मिरीला पटत नाही. म्हणते, आजोबांना वाईट वाटू नये म्हणून तुम्ही सगळे खोटं बोलता.
जेवण गेलं नाही. फार वाईट वाटलं. उद्या बोलायचंच.

२६ एप्रिल
बोललो नाही. एवढं सगळं झाल्यावर पहिलं वाक्य साधंसुधं चालणार नाही. वजनदार हवं. जुळवतोय.

१ मे
वाक्य तयार. तीन जोड्या आहेत त्यात. घशापर्यंत येतं आणि तिथेच बसतं. ही म्हणाली, अहो, नुसती मिरी अशी हाक मारा. मी म्हटलं, त्यात क्रियापद नाही. ही उठून आत गेली.

४ मे, सकाळी
दाराशी टॅक्सी. मिरी आत बसली, मला हाताने टाटा केला. सूनबाई दार ओढत होती आणि मिरीची बोटं फटीत. मी ओरडलो, अगं मिरी, बोटं काढ! चक्क मराठीत. तिने काढली.
मग माझ्याकडे बघतच राहिली. आणि एकदम किंचाळली : आजी, आजोबा बोलले! आजोबा बोलले! खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढून माझा चेहरा धरला आणि सुरूच झाली. अर्धं तिच्या इंग्रजीत, अर्धं हिच्या मराठीत, तीन आठवड्यांचं साठलेलं. मला जवळजवळ सगळं कळत होतं. मुलगा म्हणाला, बाबा, विमान चुकेल. टॅक्सी सुटली.
पुढची रजा त्याला तीन वर्षांनी मिळेल.
ही डोळे पुसत म्हणाली, एवढं काय बोलत होती हो ती? मी सांगितलं, विचारत होती, इतके दिवस घसा खूप दुखत होता का. हिने विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात?
मी हात हलवला होता.