एका बशीअभावी रद्द झालेल्या परवान्याबाबत

प्रति,
मा. मोजणी अधिकारी,
देश सोडणाऱ्यांची मालमत्ता नोंद कचेरी,
सागुआ ला ग्रांदे, क्यूबा.

विषय : आजीचा परवाना रद्द झाल्याबद्दल हरकत, तसेच एका चोरीची कबुली.
संदर्भ : आपले पत्र, दि. १२ मे १९६९.

महोदय,

१. माझी आजी एउदोसिया, वय ७१, हिने तीन वर्षांपूर्वी मायामीला मामाकडे जाण्यासाठी अर्ज केला. तेव्हा आपल्या माणसांनी तिच्या वस्तूंची यादी केली : झुलत्या खुर्च्या दोन, पंखा एक, कप बारा, बशा बारा, येशूची तसबीर एक. या वस्तू सरकारजमा व्हायच्या असून निघताना एक जरी कमी भरली तरी परवाना रद्द, हा नियम आम्हांस मान्य आहे. कप राष्ट्राचे झाल्यापासून आम्ही कॉफी डब्याच्या झाकणातून पितो.

२. माझी आई नेरेइदा गल्लीच्या पहारा समितीची अध्यक्ष आहे. देश सोडणाऱ्यांना 'अळी' म्हणणे हे तिचे कर्तव्य असून ते ती रोज सकाळी एकदा पार पाडते. "म्हातारीनं जाऊ नये" असे तिला उघड म्हणता येत नाही. म्हणून पहिल्या मोजणीआधी तिच्या हातून एक कप फुटला. आजीने महिन्याची कॉफी देऊन दुसरा मिळवला. दुसऱ्या मोजणीआधी पंख्याचे पाते वाकले. ते आजीने गुडघ्यावर सरळ केले.

३. दोघी तीन वर्षे माझ्यामार्फत बोलतात. आई म्हणते, "त्या अळीला सांग, जायचं तर जा, पण देशाची मालमत्ता धड ठेवून जा." आजी म्हणते, "तुझ्या आईला सांग, देशाची मालमत्ता माझ्या लग्नात आहेर म्हणून आली होती." दोघी एकाच खोलीत बसलेल्या असतात.

४. ९ मे रोजी शेवटची मोजणी झाली. बशा अकरा भरल्या. आजी भर गल्लीत ओरडली, "नेरेइदा, तूच!" तीन वर्षांत ती आईशी थेट बोललेला हा पहिला शब्द. आई म्हणाली, "हो गं आई, मीच. बस आता."

५. आईने बशीला हात लावला नव्हता. ती माझ्या झग्याच्या खिशात होती. मीही बाजूलाच उभी होते. बोलले नाही.

६. तरी आईवरील ठपका काढावा, तो माझ्या नावे लिहावा आणि आजीचा परवाना पूर्ववत करावा, ही विनंती.

७. हरकतीसाठी आपण सात दिवस दिले होते. ते काल संपले. हा अर्ज १३ तारखेलाच लिहून तयार होता. सातवा परिच्छेद तेवढा आज जोडला.

आपल्या नकाराची वाट पाहणारी,
इदाल्मिस पोन्से किन्तेरो
वय १९
दि. २० मे १९६९

सोबत : बशी एक (अखंड).